कुणाचा कुंचा लागला?

माझी पणजी भागीरथीबाई हिने एका लग्नाच्या पंगतीत श्रीखंडात साखरेऐवजी मीठ घातले, आणि तीनशे पानांपुढे उभी राहून सांगितले, की आमच्या घराण्यात श्रीखंड असेच असते. पानावरून कुणी उठले नाही. तिची मुलगी, म्हणजे माझी आजी यमुनाबाई, मिरजेला जायला निघाली आणि भलत्याच गाडीत बसून बेळगावला उतरली. तिथे एका दूरच्या आप्तांकडे ती आठ दिवस राहिली आणि मरेपर्यंत सांगत होती, की मला बेळगावलाच जायचे होते. माझी आई सरस्वतीबाई हिने एका वर्षी घरादाराला एकादशी एक दिवस आधीच घडवली. चूक उघडकीला आली तेव्हा तिने पंचांगकर्त्याला खरमरीत पत्र लिहिले.

मी या वंशातली चौथी, प्रमिला खर्डेकर. कऱ्हाडच्या कन्याशाळेत मी बावीस वर्षे मुख्याध्यापिका होते, आणि त्या बावीस वर्षांत 'चुकले' हा शब्द माझ्या तोंडून निघाला तो फक्त फळ्यापुढच्या मुलींना उद्देशून. अशा बाईवर वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, कॅनडातल्या एका खेड्यात, हातात कुंचा घेऊन बर्फावर उभे राहण्याची वेळ आली. या गोष्टीला आता पंधरा वर्षे झाली.

"आई, ही घाला," माझी सून केतकी म्हणाली. तिच्या हातात काळी पाटलोण होती.

"जन्मात साडीशिवाय काही नेसले नाही मी."

"साडी पायात येईल. बर्फ आहे तो. पडाल तुम्ही."

"खर्डेकर पडत नाहीत."

"आमच्या संघातली ग्लॅडिसही असंच म्हणाली होती. मनगट मोडून बसलीय. म्हणून तर तुम्हाला नेतोय."

मी पाटलोण चढवली. त्या देशात माझे काहीच चालत नव्हते, त्यात आणखी एक भर.

मी तिथे एकाच कामासाठी गेले होते. माझा मुलगा मकरंद सस्कॅचेवान प्रांतातल्या आठशे वस्तीच्या त्या गावात धान्याच्या कोठारांवर इंजिनिअर होता. केतकी तिथल्या औषधांच्या दुकानात काम करी. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती. लग्नानंतरच्या पहिल्या गौरी तेवढ्या केतकीने आमच्या घरी केल्या, त्यानंतर एकदाही ती गौरींना आली नाही. दिवाळीला आली, माझे यजमान गेले तेव्हा धावत आली, पण भाद्रपदात नाही. सहा महिने मुक्काम ठोकून तिचे मन वळवायचे आणि येत्या भाद्रपदात सुनेला गौरींपुढे उभे करायचे, असा माझा निश्चय होता.

पोहोचल्यावर आठव्या दिवशी मी तिला तसे सांगितले. विचारले नाही, सांगितले.

"आई, गौरींना मी येणार नाही," ती पोळी लाटता लाटता शांतपणे म्हणाली. "दुसरं काहीही सांगा."

मकरंद मला नंतर म्हणाला, "आई, तिला 'का' म्हणून विचार ना एकदा. मला सांगत नाही ती."

मी विचारले नाही.

भांडली असती तर मला उपाय माहीत होता. पण ती भांडत नव्हती. माझे पथ्य सांभाळी, रात्री गरम पाण्याची पिशवी अंथरुणात ठेवी, आणि मी देवापुढे दिवा लावायला सांगितले की म्हणे, "तुम्हीच लावा आई, तुमच्या हातचा बरा." अशा सुनेपुढे सासू काय करणार? आज्ञा करायला समोरच्याने निदान अवज्ञा तरी करायला हवी.

आणि गावही तसेच! तिथली माणसे उणे तीस अंशांत, भुवयांवर बर्फ साचलेला असताना, अभिमानाने सांगत, "थंडी आहे खरी, पण कोरडी आहे हो!" जणू ती त्यांनी स्वतः वाळवून ठेवली होती. इंजिन गोठू नये म्हणून मोटारींना रात्री विजेची तार लावून गोठ्यातल्या गाईंसारखे बांधून ठेवत. दुसरे गाव किती मैलांवर आहे असे विचारले तर मैल सांगत नसत, तास सांगत. पहाटे कुणी तरी आमच्या दारातला बर्फ उपसून ठेवी आणि कुणी ते शेवटपर्यंत कबूल करीत नसे. आणि क्षमा! वाण्याच्या दुकानात माझा पाय एका दांडगट शेतकऱ्याच्या पायावर पडला, तर त्यानेच माझी क्षमा मागितली. मी ती केली.

शेजारच्या डोरीनबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांच्याच संघात केतकी खेळायची. खेळाचे नाव कर्लिंग. एका लांबलचक बर्फाच्या पट्टीवरून वीस किलोचा मुठीचा दगड सोडायचा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला रंगीत वर्तुळे काढलेली असतात, त्यांना हे लोक 'घर' म्हणतात. ज्याचा दगड घराच्या मध्याला सर्वांत जवळ, त्याचा गुण. एकदा दगड हातातून सुटला, की त्याला कुणी हात लावायचा नाही. दोघांनी त्याच्यापुढे धावत कुंच्याने बर्फ घासायचा, म्हणजे तो थोडा लांब जातो, थोडा सरळ जातो. बस, इतकेच तुमच्या हाती.

"शेजारच्या ब्रायर्सन गावाकडून आम्ही अकरा वर्षं हरतोय," डोरीनबाई मला म्हणाल्या. आमच्या स्वयंपाकघरात त्या मोजे घालून बसल्या होत्या. तिथे परक्याच्या घरी शिरताना माणसे न सांगता बूट काढतात, तेवढे एक मला पसंत होते. "एप्रिलमध्ये माझे दोन्ही खुबे बदलणार आहेत. म्हणजे हा माझा शेवटचा सामना. चार बायका नसल्या तर उतरू देत नाहीत. तुम्हाला झाडता येतं का?"

"सात वर्षांची असल्यापासून," मी म्हणाले.

तीन दिवस त्यांनी मला शिकवले. ज्यांना वाकवत नसेल त्यांच्यासाठी दगड ढकलायला एक लांब काठी असते, ती मला दिली. बुटांना रबरी तळवे दिले. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "पंच कुठे बसतो?"

"पंच नसतो आई," केतकी म्हणाली. "चालत्या दगडाला कुंचा लागला तर तो दगड बाद. ज्याचा लागला त्यानेच सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

केतकीने ते इंग्रजीत डोरीनबाईंना सांगितले. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले; प्रश्न समजला नाही असे वाटले.

"पण का नाही सांगणार?" त्या म्हणाल्या.

मी विषय बदलला.

शनिवारी दुपारी सामना झाला. निम्मे गाव काचेपलीकडे कॉफीचे पेले धरून बसले होते. आमच्या बाजूला डोरीनबाई, पोस्टातली मार्लीन, केतकी आणि मी; पलीकडे ब्रायर्सनच्या चौघी, त्यांची कप्तान ऑड्री, ताडमाड, पांढऱ्या केसांची. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकीने प्रत्येकीशी हस्तांदोलन करून 'खेळ चांगला होवो' म्हटले. मला ते फार गोड वाटले नाही. हरवायला आलेल्या माणसाला काय शुभेच्छा द्यायच्या?

माझे पहिले दोन दगड घरापर्यंत पोहोचलेच नाहीत. तिसरा घरातून निघून थेट मागच्या फळीवर आदळला. "सुंदर प्रयत्न!" ऑड्री ओरडली. मला शाळेतल्या ढ मुली आठवल्या. त्यांना मी असे कधी म्हटले नव्हते.

पण घासायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाचव्या फेरीनंतर काचेमागचे लोक पायांनी ठेका धरू लागले. मार्लीन घराच्या टोकाला उभी राहून "जोरात! जोरात!" असा टाहो फोडी, आणि मी व केतकी दगडाच्या दोन अंगांना, डोक्याला डोके लागेल इतक्या जवळ, खांद्यातून घासत सुटायचो. नऊ वर्षांत मी तिच्या इतकी जवळ आले नव्हते. तिच्या श्वासाची वाफ माझ्या चष्म्यावर येत होती.

"दमलात का?" तिने एकदा विचारले.

"तू आपलं बघ."

ती हसली. माझ्यासमोर ती असे हसलेली मी पूर्वी एकदाच पाहिले होते, लग्नाच्या वर्षी.

शेवटच्या फेरीत गुण सारखे होते. ऑड्रीचा दगड मध्याजवळ बसला होता, आणि उरला होता डोरीनबाईंचा शेवटचा दगड. खुब्यांचे दुखणे विसरून त्या पूर्ण वाकल्या आणि दगड सोडला. तो संथ आला. फारच संथ. मार्लीन किंचाळली. आम्ही घासू लागलो. पट्टी संपत नव्हती, माझे दंड भरून आले होते, दगड थांबतो की काय असे वाटत होते. मी कुंचा आणखी जवळ घेतला.

लागला.

चिमणीने चोच टेकवावी तेवढाच. आवाज झाला नाही. कुंच्याच्या दांड्यातून माझ्या तळव्याला तेवढे कळले. दगड तसाच पुढे सरकला, घरात शिरला आणि ऑड्रीच्या दगडाला मागे टाकून मध्यावर थांबला.

काचेमागे एकच कल्ला झाला. डोरीनबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. ऑड्री हसत, हात पुढे करून आमच्याकडे निघाली. आणि मी उभी होते. सांगेन, असे मी मनात म्हणाले. दम खाऊन सांगेन.

तेवढ्यात केतकीने हात वर केला.

"सॉरी," ती म्हणाली. "दगडाला कुंचा लागला. मला जाणवलं काही तरी. माझ्याच हातून झालं असेल."

कल्ला थांबला. डोरीनबाईंच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळले. त्यांनी "नक्की का?" असे एका शब्दानेही विचारले नाही. मान हलवली, लंगडत घराजवळ गेल्या, आणि अकरा वर्षांनी मध्यावर बसलेला तो दगड पायाने बाजूला सारला.

माझ्याच हातून झालं असेल. हे शब्द मी याआधी ऐकले होते. याच तोंडून, आणि याच स्वरात.

नऊ वर्षांपूर्वी गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी मी माळ्यावरून मुखवट्यांची पेटी एकटीनेच काढली होती. शाडूचे मुखवटे, माझ्या सासूबाईंच्याही सासूबाईंचे. पुसताना धाकटीचा मुखवटा हातातून निसटला, पाटाच्या कोपऱ्यावर आपटला आणि नाकाची कळी उडाली. घरात कुणी नव्हते. मी तो मलमलीत होता तसा गुंडाळला आणि पेटीत ठेवला. सकाळी सांगेन, असे मी मनात म्हणाले होते. सकाळी घर बायकांनी भरले; केतकीची आईही आली होती. कुणी तरी म्हणाले, पेटी नव्या सुनेला उघडू द्या. केतकीने मलमल सोडली, आणि चौदा बायकांनी एकदम श्वास आत ओढला. ती एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली. "मी तर आत्ताच..." म्हणाली, आणि मग, "माझ्याच हातून झालं असेल."

मी त्या चौदा जणींच्या देखत पुढे झाले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. मी तुला क्षमा केली."

पंधरा दिवसांनी तिच्या आईने भरपाई म्हणून नवे मुखवटे पाठवले. मी ते ठेवून घेतले.

"थांबा!" मी बर्फावर ओरडले. शाळेच्या पटांगणात चालायचा तो आवाज. सगळ्या वळल्या. "तो माझा कुंचा होता. तिचा नव्हे."

केतकी मराठीत म्हणाली, "असू दे आई. कुणाचाही असला तरी दगड बादच आहे. काय फरक पडतो?"

"पडतो."

"दोष माझा," डोरीनबाई म्हणाल्या. "तीन दिवसांत काय शिकणार माणूस! मी हळू सोडला दगड."

"सॉरी, तिथे बर्फच जरा खडबडीत आहे," ऑड्री म्हणाली. "मघाशी आम्हीच सांगायला हवं होतं."

मार्लीनसुद्धा म्हणाली, की मी उगाच जास्त ओरडले. एक साधी चूक, आणि तिच्यावर चार बायका हक्क सांगत होत्या. मी असहायपणे एकीकडून दुसरीकडे पाहत राहिले. चूक आपली आहे हे सिद्ध करण्यासाठी भांडायची वेळ माझ्या वंशात कुणावर आली नव्हती.

"माझा होता!" मी पुन्हा म्हणाले.

तिथल्या रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना काही तरी पाजायचे आणि दोन्ही संघांनी एकाच मेजाभोवती बसायचे. ऑड्रीने माझ्यापुढे गरम चॉकलेटचा पेला ठेवला. डोरीनबाई हरलेल्या दिसतच नव्हत्या. त्या ब्रायर्सनच्या बायकांना माझ्या घासण्याचे वर्णन करून सांगत होत्या. केतकी माझ्या शेजारी होती.

"केतकी," मी म्हणाले, "धाकटीचं नाक माझ्या हातून फुटलं."

तिला आधी कळले नाही. मग कळले. तिने पेला खाली ठेवला.

"कधी?"

"आदल्या संध्याकाळी. पुसताना."

"म्हणजे तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तेव्हा..."

"तेव्हा मला माहीत होतं."

मेजापलीकडे कुठल्याशा विनोदावर हशा पिकला. केतकी त्या हसणाऱ्या बायकांकडे पाहत होती.

"माझ्या आईने मला तीनदा विचारलं होतं," ती म्हणाली. "खरं सांग म्हणून. दोनदा मी नाही म्हटलं. तिला पटेना. म्हणाली, एवढ्या मोठ्या बाईंनी क्षमा केली म्हणजे काही तरी झालंच असणार. तिसऱ्यांदा मी हो म्हटलं. मग पुढं मलाच खरं वाटायला लागलं. अजून मी कुठली मूर्ती उचलत नाही, आई."

 

डोरीनबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि मेजावरून हात पुढे करून माझ्या मनगटावर थोपटले. "अहो, नका मनाला लावून घेऊ," त्या म्हणाल्या. "एक दगड तर होता."

"चौदा जणी होत्या," केतकी हळूच म्हणाली. "मी काही मागत नाहीये. आपलं आठवलं म्हणून."

"मागू नकोस," मी म्हणाले. "मागून मिळण्यातलं नाही ते."

रविवारी सकाळी आठ वाजता, तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते तेव्हा, मी फोनपाशी खुर्ची ओढून बसले. मकरंदला मी आधी सगळे सांगितले; तो बाहेर बर्फ उपसायला गेला आणि बराच वेळ आत आला नाही. केतकी ओट्याशी पाठमोरी उभी होती.

पहिला फोन नणंदेला.

"वन्सं, केतकीच्या पहिल्या गौरींना धाकटीचा मुखवटा फुटला होता. तो मी फोडला होता. केतकीने नव्हे. मी ते लपवलं."

"वहिनी, तुमची तब्येत बरी आहे ना? थंडी बाधली का?"

"तब्येत उत्तम आहे. मी काय म्हटलं ते परत म्हणून दाखवा."

तिने म्हणून दाखवले. मी दुसरा नंबर फिरवला. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आता नऊ वर्षांनी कशाला उकरून काढायचं?" आणि मग आवाज खाली आणून, "मग ते नवे मुखवटे गं? ते घेतलेस तू!" मी म्हणाले, घेतले. शेजारच्या कुलकर्णीबाईंना वाटले, मी शेवटच्या दुखण्यात आहे आणि निरोप घेते आहे. त्या रडू लागल्या, त्यांना गप्प करण्यात दहा मिनिटे गेली. मामेसासूबाईंना देवाज्ञा झाली होती. त्यांच्या सुनेला सांगितले आणि तुमच्या सासूबाईंच्या फोटोपुढे उभ्या राहून हेच सांगा म्हटले. एक जण हसली. एकीने फोन आपटला. माझी मावसबहीण म्हणाली, "प्रमिला, सरस्वतीमावशीची लेक आणि असं बोलतेस? ती असती तर काय म्हणाली असती?" मी म्हणाले, "तिने पंचांगकर्त्याला पत्र लिहिलं असतं. मी तुला फोन केलाय."

फोन चालू असताना केव्हा तरी केतकीने माझ्याजवळ चहा ठेवला. तो निवला. तिने दुसरा ठेवला.

तेरा झाले. चौदावा नंबर मला पाठ होता. मी हातात फोन घेऊन तशीच बसले. खिडकीबाहेर मकरंद आपल्या दारातला संपवून आता डोरीनबाईंच्या दारातला बर्फ उपसत होता.

"राहू दे आई," केतकी म्हणाली. "तिला मी सांगेन."

"तू सांगून भागलं असतं, तर नऊ वर्षांपूर्वीच भागलं असतं."

मी नंबर फिरवला. केतकीच्या आईने उचलला.

"विहीणबाई, मी प्रमिला. उभ्या असाल तर बसून घ्या." आणि मी ते सांगितले. मुखवटा, मलमल, डोक्यावर ठेवलेला हात, ठेवून घेतलेली भरपाई. काही वगळले नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या मुलीने तुम्हाला पहिल्या दोन्ही वेळा खरं सांगितलं होतं. खोटी मी होते. माझं चुकलं."

  अगदी बारीक स्वरात त्या म्हणाल्या, "केतकी आहे का जवळ?"

मी फोन तिच्या हाती दिला आणि खुर्चीवरून उठले. पण तिने दुसऱ्या हाताने माझा पदर धरून ठेवला, म्हणून मला जाता आले नाही. तिची आई काय बोलत होती ते ऐकू येत नव्हते.  केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते तिने पुसले नाही.

"नको गं रडू," ती म्हणाली. "नाही, आई. मी कशाला सांगायला लावीन? त्या स्वतःहून म्हणाल्या... हो, सगळ्यांना. एकूण एक. तू शेवटची." मग तिने माझ्याकडे पाहिले. "बघू. भाद्रपदाला अजून सात महिने आहेत."